आठ बोल्ट

“कॉम्प्रेशन साडेदहा धरू,” मिस्त्री म्हणाले आणि वहीत आकडा लिहिला. “अकरा केलं तर जुना ब्लॉक कुरकुर करेल.”

“करू दे की काका. कुरकुर तुम्हीपण करता, तरी चालताच ना?” मुलगी म्हणाली.

मिस्त्री हसले. इंजिन त्यांच्यासमोर स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. मागे ती बुटकी, दोन माणसांची जुनी गाडी उभी होती. तिचा पत्रा दुरुस्त होऊन नवा रंग चढला होता, पण बॉनेटखाली सगळं रिकामं होतं. या वर्षी जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ती उतरवायची, असं मुलीनं ठरवलं होतं. नियम एकच होता, इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, मूळचा हवा. म्हणून अकरा वर्षांनी हे इंजिन उघडायची वेळ आली होती.

साहेब, म्हणजे मुलीचे वडील, गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. उंबऱ्याच्या आत ते आले नव्हते. हातात वर्तमानपत्र होतं, पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं.

मुलीनं वही ओढून घेतली. “पिस्टन नवे, कॅमशाफ्ट जास्त उचलीचा, कार्बोरेटर दोन. किती बारीकसारीक लिहिलंय. काका, यादी करताय की पोथी?”

“दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्याला समजलं पाहिजे.”

“दुसरा कोण येतोय मधे? आणि हे काय? ‘पिस्टनच्या रॉडचे बोल्ट, आठही नवे.’ खाली दोन रेघा.”

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. “एकदा आवळलेला बोल्ट ताणला जातो. डोळ्यांना दिसत नाही. शर्यतीच्या इंजिनात तो पुन्हा लावायचा नसतो. लावला तर भर वेगात सैल पडतो, बेअरिंग धरतं आणि इंजिन जाम होतं. पाठोपाठ मागची चाकंही. मग गाडी तुझं ऐकत नाही.”

“एवढं तर मलाही लक्षात राहील.”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “राहायलाच पाहिजे.”

अकरा वर्षांपूर्वी शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत नवे बोल्ट आले नव्हते. मिस्त्रींनी जुनेच पुसून पुन्हा आवळले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सहाव्या फेरीत, वळणावर, मुलीचा थोरला भाऊ चालवत असलेली हीच गाडी वळलीच नाही. सरळ भिंतीवर गेली. तो जागीच गेला. इंजिन जाम झालं, असं सगळे म्हणाले. सगळ्यांत आधी साहेबच म्हणाले होते. नंतर त्यांनी गॅरेजला कुलूप घातलं. आता इंजिन उघडून काय मिळणार, एवढंच बोलले. त्या वाक्यानं मिस्त्रींना तेव्हा हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाज आजही गेली नव्हती.

आज मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोघांच्या समोर इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर काढायचा. सैल पडलेला बोल्ट दाखवायचा. सगळं सांगून वही टेबलावर ठेवायची आणि निघायचं. मुलगी दुसरा मिस्त्री शोधेल. वही त्याच्या उपयोगी पडेल.

चेंबरचे शेवटचे दोन स्क्रू राहिले तेव्हा मुलीचा फोन वाजला.

“पिस्टनवाले आहेत. आलेच मी. माझ्याशिवाय उघडू नका हं.”

ती अंगणात गेली. पण मिस्त्रींच्या हातांना आता थांबवेना. त्यांनी चेंबर उचलून बाजूला ठेवला, इंजिनाच्या मधल्या दांड्याच्या, क्रँकच्या, नटावर पाना लावला आणि सगळा जोर लावायच्या तयारीनं ओढला.

क्रँक फिरला. एका हातानं, लोण्यासारखा.

त्यांनी पुन्हा फिरवला. बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. आठही बोल्ट जागच्या जागी, घट्ट. एकेकावर बोट ठेवून मोजले. स्वतःच्या मोजण्यावर त्यांचा कधीच भरवसा नसे, म्हणून परत मोजले. बेअरिंग धरलं नव्हतं. इंजिन जाम झालंच नव्हतं.

ते स्टुलावर बसले. मी नाही, असं मोठ्यानं म्हणावंसं वाटलं. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाचं इंजिन बांधलं नव्हतं. पंप आणि जनरेटर दुरुस्त करून दिवस काढले होते. त्यांनी तोंड उघडलं.

“मिस्त्री,” साहेब दारातून म्हणाले. वर्तमानपत्राची घडी मांडीवर होती. इंजिनाकडे ते बघत नव्हते. “त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला होता, बाबा, मला नाही चालवायची. हात थरथरत होते त्याचे. मी म्हटलं, चार लोकांत माझं नाक कापू नकोस. पट्टा मीच आवळला त्याचा. या हातांनी.”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

“हिला माहीत नाही. हिच्या आईलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.” साहेबांनी वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली. “म्हणजे, पोरगं घाबरून चुकलं नाही. मुद्दाम तर नाहीच नाही. इंजिनच होतं ना? अकरा वर्षं मी तेवढ्यावर काढलीत, मिस्त्री.”

मुलगी अंगणातून परत आली आणि वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहिली. “उघडलंत ना शेवटी? ऐकायचं नाही कुणाचं. काय निघालं, काका?”

मिस्त्री उठले. त्यांनी चेंबर उचलला आणि पुन्हा इंजिनावर ठेवला.

“बोल्ट सैल पडलेत,” ते म्हणाले. “नवे आले नव्हते, म्हणून मी जुनेच लावले होते. इंजिन जाम झालं, साहेब. पोराच्या हातात काहीच नव्हतं.”