ग्लेनिसला कार्ड नको

“पॉइंटांचं कार्ड आहे?” लूझने विचारलं.

“नाही. आणि नकोय,” ग्लेनिस टिपेट म्हणाली.

रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने सुस्कारा टाकला. ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावच्या त्या सुपरमार्केटात पुढचं भाषण सगळ्यांना पाठ होतं.

“आज विचारतील चहा कुठला पिता, उद्या गोळ्या कुठल्या घेता. परवा विमावाल्याच्या टेबलावर तुमचा कागद तयार. दोन-चार पॉइंटांसाठी घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायचं? माझ्या पिशवीत काय आहे ते मला ठाऊक, तेवढं पुरे.”

“खरंय, मिसेस टिपेट,” लूझ म्हणाली. गल्ल्यावरची ही फिलिपिनो बाई कुणाशी वाद घालायची नाही. तिने गोल्डन सिरपचा डबा उचलला आणि क्षणभर हातातच धरला. “हे आजही घ्यायचंय?”

“मग काय मिरवायला आणलंय? मुलगी येतेय माझी. सिरपाशिवाय अँझॅक बिस्किटं होतात का कधी?”

लूझने डबा यंत्रावरून फिरवला, आठवणीसाठीच्या गोळ्यांची बाटली फिरवली. मग तिने गल्ल्याखाली हात घातला आणि यंत्र आणखी एकदा वाजलं. ते नेहमीच एकदा जास्त वाजायचं. ग्लेनिसने रोख पैसे दिले आणि मान ताठ ठेवून ती बाहेर पडली.

बाहेर फुटबॉलच्या जर्सी घातलेली पोरं सॉसेज खात उभी होती, सोबत आईबापही होते. शाळेच्या दिवशी! हल्लीच्या आईबापांना ताळतंत्र म्हणून राहिलेलं नाही, असं मनाशी म्हणत ती घराकडे वळली.

कार्ड नको म्हणण्यामागे तत्त्व होतंच, पण अलीकडे त्यात मर्व्हचीही भर पडली होती. एक्कावन्न वर्षांचा संसार, आणि आता तो विसरायला लागला होता. रोज सकाळी चहा घेताना विचारायचा, “ग्लेन, आज वार कोणता गं?” ती सांगायची. मग तो शब्दकोड्याच्या वहीत काहीतरी टिपून ठेवायचा. बिचारा, तेवढंही लक्षात राहत नसणार. ती कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायची, हा तो परत आत ओढून आणायचा. आजही आणलाच होता. परवा तर गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, लोण्याशेजारी. ग्लेनिसने त्या पुसून परत जागेवर ठेवल्या. आठवणीसाठीच्या गोळ्या ती त्याच्या बशीत ठेवायची आणि तो मुकाट्याने गिळायचा.

हे बाहेर कुणाला कळता कामा नये. पण कुणीतरी तोंड उघडलंच असणार. केरिन, त्यांची मुलगी, ॲडलेडला नर्स होती. तिचा फोन आला होता, “आई, कॅडिनाच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय. रविवारी येते. तिघं बसून बोलू.”

त्या रात्री ग्लेनिसला झोप लागली नाही. मर्व्हला एकट्याला तिकडे, अनोळखी माणसांत? सकाळ होईतो मात्र तिचा निर्णय पक्का झाला होता. ती असताना त्याला या घरातून कोण नेतो तेच बघायचं होतं. पुरावा कुठे होता कुणाकडे?

केरिन आली. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. ग्लेनिसने चहा ओतला आणि सरळ विषयालाच हात घातला.

“तुझे बाबा कुठेही जाणार नाहीत. विसरतात, मान्य. वार विसरतात, कचऱ्याचा दिवस विसरतात. पण मी आहे ना त्यांच्यासोबत? तुला कुणी काय सांगितलं ते मला माहीत नाही. काही दाखवायला असेल तर दाखव.”

केरिनने बापाकडे पाहिलं. मर्व्हने शर्टाच्या खिशातून पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सुपरमार्केटचं.

“तू घेतलंस?” ग्लेनिसचा आवाज चढला. “मी एवढा कंठशोष करते आणि तू घरातच हे आणून ठेवलंस?”

“रागावू नकोस, ग्लेन. केरिन, वाच.”

केरिनने फोनवर कार्डावरच्या खरेदीची यादी उघडली. “गोल्डन सिरप. काल शनिवारी एक. शुक्रवारी दोन, सकाळी एक आणि दुपारी एक. गुरुवारी एक. बुधवारी एक...”

“बघ!” ग्लेनिसने टेबलावर थाप मारली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत होता. “हा जाऊन आणतो आणि विसरतो. मी आहे म्हणून निभावतंय. माझ्याशिवाय तिकडे कोण सांभाळणार याला?”

“मी दुकानात गेलोच नाही, ग्लेन. याच खात्याचं दुसरं कार्ड लूझकडे असतं, गल्ल्याखाली. तू येऊन गेलीस की ती लावते. मीच सांगितलंय तिला.”

“काहीतरीच. महिन्याभरात एकच डबा आणलाय मी. केरिनसाठी.”

मर्व्ह उठला. गुडघ्यावर हात टेकत तो ओट्यापाशी गेला आणि त्याने कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत डबे रचून ठेवले होते, खालपासून वरपर्यंत, सगळ्यांची झाकणं बंद. शेजारी त्याची शब्दकोड्याची वही होती, आत रोजची तारीख आणि पुढे ग्लेनिसने सांगितलेला वार.

ग्लेनिस डब्यांकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो परत येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

“खोली तुझ्यासाठी आहे, ग्लेन,” तो म्हणाला. “मी त्यांना सांगितलंय, दोन पलंगांची द्या.”