कुवेतले चाललेल्या चंद्रभानले सूचना

"विमानात खिडकीपाशी बसू नको," महादेवराव म्हणाले. "डोकं गरगरते."

"तुम्ही कवा बसले विमानात, काका?" चंद्रभानने विचारलं.

"बसाले कायले लागते? समजते नं माणसाले!"

महादेवराव पुलगावच्या लष्करी डेपोत कारकून होते आणि तेवढ्या भांडवलावर आठवडाभर चंद्रभानचं डोकं खात होते. ते एकटे असते तरी चाललं असतं. पण त्यांचं जाम हे गाव पडलं नागपूरच्या हमरस्त्यावर. ट्रकवाल्यांना चहा पाजून पाजून इथल्या प्रत्येकाला आपण जग पाहिल्यासारखं वाटतं. कोणी म्हणे, तिकडं ऊन लई, खिशात कांदा ठेवजो. कोणी म्हणे, पासपोर्ट चड्डीच्या आत शिवून घे. हॉटेलवाल्या ओमप्रकाशने तर आपल्या लंडनच्या साडूसाठी किलोभर पापड आणून दिले. कुवेत वेगळं, लंडन वेगळं, हे सांगून सांगून चंद्रभानचा घसा बसला.

"फॉरेनच आहे नं दोन्ही?" ओमप्रकाश म्हणाला. 

पण सगळ्यांत जास्त वैताग आणला तो आईने.

आनंदाबाईचा हा एकुलता एक पोरगा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. चंद्रभान वेल्डिंग शिकला आणि अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या एका कंपनीने त्याला कुवेतसाठी निवडलं. करार दोन वर्षांचा. मधे सुटी नाही. मधेच परत आलास तर नोकरी गेली, पुन्हा दारात उभं करणार नाही, असं साहेबाने तोंडावर सांगितलं होतं. बाप्पा, अशी नोकरी त्यांच्या सात पिढ्यांत कोणाला लागली नव्हती!

आणि ही माय त्याला चुलीपुढे बसवून वरण शिकवत होती.

"तिथं मेस हाय, आई."

"असू दे. मीठ टाक. तेवढ्यानं काय होते? अजून."

"परत आलो का तूच करून घालशील नं? मले काऊन शिकवून राह्यली?"

"फोडणी जळून राह्यली, तिकडं पाह्य."

स्वतः मात्र पाटावर बसून हुकूम सोडायची. उठायचं नाव नाही. वावरही बटईने, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकलं. "पोरगा फॉरेनले चालला, आता मी काऊन राबू?" म्हणाली. गल्लीतल्या बायांनी नाकं मुरडली. वडनेरच्या नणंदेला, शकुबाईला, सोबत घेऊन आनंदाबाई दोनदा नागपूरला खरेदीला गेली आणि आणलं काय, तर पोरासाठी बनियनची एक जोडी! चंद्रभानने कपाळावर हात मारून घेतला.

निघायच्या दिवशी फाट्यावर अर्धं गाव लोटलं. नागपूरच्या एसटीला वेळ होता, म्हणजे सूचनांना ऊत. आनंदाबाईने पोराला बाजूला ओढलं. झालं, आणखी एक!

"घरून तार आली तं येऊ नको."

"कोणती तार?"

"कोणती म्हंजे? 'आई सीरियस'."

चंद्रभानला हसू फुटलं. त्या भागात 'आई सीरियस, ताबडतोब निघा' या तारेला लग्नपत्रिकेचा मान होता. बाहेरगावी नोकरीला असलेला पोरगा लग्नाचं नाव घेईना, की घरचे हीच तार ठोकत. शकुबाईने तर कमाल केली होती. आपल्या पोराला, तानबाला, भिलाईहून बोलवायला ही बाई स्वतःच हिंगणघाटच्या पोस्टात गेली आणि स्वतःच सीरियस असल्याची तार करून आली. बिचारा रस्ताभर रडत घरी पोचला, तर माय मांडवात सुपारी कातरत बसलेली आणि संध्याकाळी त्याची हळद!

"तुह्या आत्यानं तुह्यासाठी पोरगी पाहून ठेवली हाय," आनंदाबाई म्हणाली. "दोन-चार महिन्यांत तार ठोकते का नाई पाह्य. तू येशील आन् नोकरी घालवून बसशील."

शकुबाई मागेच उभी होती. एरवी ही बाई कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. आज तिने नुसता पदर तोंडाला लावला.

"काऊन वो आत्या, खरं हाय का?"

"हो," शकुबाई रस्त्याकडे पाहत म्हणाली. "पोरगी चांगली हाय."

चंद्रभान भडकलाच. "काय लावलं हे तुम्ही! जाऊ तं द्या मले सुखानं! एक तार करा नाईतं दहा करा, मी नाई येणार."

"शपथ घे."

"तुही शपथ, आई. बस?"

आनंदाबाईने मान हलवली आणि त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. त्याने वैतागून तिचा हात बाजूला केला, लोक पाहत होते.

एसटी आली. चंद्रभान पाया पडून चढला. महादेवराव खिडकीला लटकून विमानात पोटाला पट्टा कसा बांधायचा ते सांगतच होते, तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. बस वळणापलीकडे गेली. लोक पांगले. ओमप्रकाशच्या हॉटेलात भजी तळायला घेतली होती, महादेवराव तिकडे वळले.

आनंदाबाई मैलाच्या दगडावर मटकन बसली. शकुबाई तिच्याजवळ आली.

"उठ वयनी. नागपूरची मागची गाडी येऊन राह्यली. डॉक्टरनं आजच भरती व्हा म्हटलं हाय."

"हो. हात दे."

शकुबाईने हात दिला आणि तिला हुंदका आवरेना. "तू म्हटलं तसं बोलली मी, पण मले नाई सहन होत. दिवाळीपर्यंतही भरवसा नाई म्हणते डॉक्टर. मी पोराले तार करीनच, सांगून ठेवते."

"कर नं," आनंदाबाई तिच्या खांद्याला धरून उठत म्हणाली. "आता नाई येत तो."