गुरुजींचा निकाल

बी.ए.ला नापास झाले, म्हणून कवडू गुरुजींनी विद्यापीठ सोडलं आणि नागपुरात इतवारीतल्या शाळेत चौथीच्या मुलांना शिकवू लागले. वीस वर्षांनी त्या विद्यापीठातली भानगड वर्तमानपत्रात आली. एका बड्या घरच्या मुलासाठी उत्तरपत्रिकांची पहिली पानं बदलली होती. ज्या पेपरांवर तो पहिला आला, ते सगळे कवडू गुरुजींनी लिहिलेले होते.

त्यांचे तेव्हाचे वर्गमित्र वामनराव ते वर्तमानपत्र घेऊन तावातावाने शाळेत आले.

"कोर्टात जा गा! पहिला तू होता. त्या गाढवाले पदवीचा गाऊन मिळाला अन् तुले खडू!"

"आता कोणाले सांगू, वामन?" गुरुजी म्हणाले. "बाप तर मले नापास समजूनच गेला."



शाळेचाही निकाल त्याच दिवशी होता. पास झालेली मुलं उड्या मारत घरी गेली. नापास झालेली गोपिका तेवढी पायरीवर बसून राहिली होती.

"मी आता शाळेतच नाही येत, गुरुजी," ती हुंदके देत म्हणाली. "मी ढ आहो."

वामनरावांना तिथंच उभं ठेवून गुरुजी तिच्या शेजारी जाऊन बसले.



"रडून काहून राहिली वं पोरी? मीपण नापास झालो होतो ना. काय बिघडलं माहं?"