सिमची अदलाबदल

"सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा, म्हणजे बिघाड कशात आहे ते कळेल," कंपनीचा माणूस एवढं म्हणाला आणि रेंज गेली.

"मेल्यांची कंपनी!" शेवंता करवादली. पाण्याच्या टाकीखाली उभं राहून तिने आणि शेजारच्या सुगंधाने आपापली सिमं बदलली. सकाळी टेम्पो उलटला होता. दोघींचे नवरे तालुक्याच्या दवाखान्यात होते.

शेवंताचा फोन वाजला.

"दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. तुमचे मिस्टर शुद्धीवर आलेत. घाबरू नका."

"वाचले गं माझे!" शेवंताने सुगंधाला मिठी मारली.

सुगंधाचे डोळे भरून आले, पण ती हसली नाही. "शेवंते, त्यात सिम माझं आहे गं."

तेवढ्यात सुगंधाच्या हातातला फोन वाजू लागला. तिने तो न उचलता शेवंतापुढे धरला.