पेनाची जीभ

"जीभ अडकलीय," पेनवाला म्हणाला आणि बाईंनी उगाचच वन्संकडे पाहिलं. वन्संची जीभ अडकल्याचं चाळीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

पेनवाला बोलत होता ते अर्थात पेनाबद्दल. निबेच्या पोटाशी जी काळी पट्टी असते, जिच्यावरून शाई खाली उतरते, ती पेनाची जीभ. तिच्या खाचांत जुनी शाई सुकून दगड झाली होती. त्यानं निब आणि जीभ फडक्यात धरून हलकेच ओढून काढली आणि कोमट पाण्याच्या वाटीत सोडली. थोड्याच वेळात पाण्यात निळ्या रेघा उतरू लागल्या.

"कशाला हा खटाटोप?" वन्सं म्हणाल्या. "माझ्या भावाला एखादं नवं घेऊन टाक की."

"नवं नको. हेच हवं."

वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. तिघं एकाच घरात राहत. चहा किती उकळायचा इथपासून चादरीची घडी कशी घालायची इथपर्यंत या नणंद-भावजयीचं कशावरच पटत नसे. एखादा दिवस भांडणाशिवाय गेला, तर नवरोबा दोघींना ताप आहे का ते हात लावून बघत.

बाई ग्रंथपाल होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. बघण्याचा कार्यक्रम झाल्यापासून लग्नापर्यंतच्या पाच महिन्यांत त्यांना नवऱ्याची तेवीस पत्रं आली होती. सगळी त्यांनी क्रमांक घालून जपली होती. पत्रं कसली, नुसता मध! आधी त्यांचं मन डळमळत होतं, पण तिसऱ्या पत्रातच त्या विरघळल्या. लग्नानंतर मात्र एक ओळ मिळेल तर शपथ. विचारलं की नवरोबांचं ठरलेलं उत्तर यायचं, "अगं, ते पेनच बंद पडलं. बॉलपेननं माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि अक्षर बिघडलं की मला सुचत नाही."

येत्या रविवारी लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. बाईंना चोविसावं पत्र हवं होतं. दागिना नको, साडी नको, पत्र हवं. नवऱ्याला सबबच उरू नये म्हणून त्यांनी माळा उपसून पेन शोधलं होतं. निघताना वन्सं "मीपण येते" म्हणत मागे लागल्या आणि वाटभर नव्या पेनाचे गुण गात राहिल्या.

पेनवाल्यानं पाणी चार वेळा बदललं. दातांच्या जुन्या ब्रशनं जिभेच्या खाचा घासल्या. पितळेचा केसासारखा पातळ पत्रा निबेच्या चिरेतून फिरवला. सगळं पुसून पुन्हा बसवलं, ड्रॉपरनं शाई भरली आणि कागदावर एक लांब रेघ ओढली. रेघ ओली, निळी, अखंड उतरली. बाईंना टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

"लिहून बघा," तो म्हणाला.

बाईंनी लिहायला घेतलं आणि निब कर्रकर्र करत कागद ओरबाडू लागली. त्यांचा चेहरा पडला. पेनवाल्यानं पेन परत घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि निबेचं टोक बराच वेळ न्याहाळलं.

"पेन ठणठणीत आहे, बाई. निब वर्षानुवर्षं एकाच हाताखाली झिजते आणि त्या हाताची होऊन बसते. हे पेन डावखुऱ्या माणसाचं आहे."

"छे हो! आमचे हे उजव्या हातानं लिहितात."

"मग यानं लिहिणारे ते नव्हेत."

वन्सं रस्त्यावर उभ्या असलेल्या एका सायकलकडे फारच लक्ष देऊन बघत होत्या. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. घरात डाव्या हातानं भाजी चिरणारं एकच माणूस होतं. त्याच माणसानं चाळीस वर्षांत सामानाची यादीसुद्धा कधी स्वतः लिहिली नव्हती. दर वेळी चष्मा सापडत नसायचा.

"वन्सं, चष्मा तुमच्या नाकावर आहे," बाई म्हणाल्या. "लिहा."

वन्संनी पिशवी खाली ठेवली. पेन डाव्या हातात घेतलं. निब कागदावर लोण्यासारखी सरकली. त्यांनी कागदावर 'चहा जास्त उकळू नये' एवढंच लिहिलं, पण बाईंना ते अक्षर डोळे मिटूनही दिसलं असतं.

"तेवीसच्या तेवीस तुम्ही?"

"तिकिटं तो चिकटवायचा," वन्सं पडेल आवाजात म्हणाल्या. "तू त्याला मनापासून आवडली होतीस गं. पण चार दिवस कागद पुढे घेऊन बसला आणि लिहिलं काय, तर 'इकडे हवा बरी आहे.' ते गेलं असतं तर तू नकार कळवला असतास."

बाईंना राग आला, मग रडू आलं, आणि दोन्ही धड येईनात म्हणून त्या हसत सुटल्या. पेनवाल्यानं त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

"नकार दिला असता तर दिला असता," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "भावाला दुसरी मुलगी मिळाली असती. तुमचं काय अडलं होतं?"

"लग्न ठरायच्या आधी मी गुपचूप तुझ्या ग्रंथालयात आले होते, तुला बघायला. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला, तर तू मला सगळ्यांदेखत झापलंस," वन्सं म्हणाल्या. "तेव्हाच ठरवलं, जन्मभर भांडायला मला हीच हवी."