दुसऱ्या अंतऱ्याआधी

मृण्मयीच्या पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं राहिलं होतं आणि स्टुडिओ आज दुपारपर्यंतच मिळाला होता. आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. रडू येत नव्हतं, सूर मात्र बरोबर लागत होते.

पहिला अंतरा संपला आणि ती थांबली. तबल्यावरचा इंद्रजीत थांबला, गिटारवरचा शंतनूही थांबला.

"काय झालं?" काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या सत्यमने विचारलं. "लई भारी चाललं होतं की."

इंद्रजीत तबल्याकडे बघत म्हणाला, "गाण्यात इथं काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या."

तीन वर्षं सराव मृण्मयीच्या घरी, स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत झाला होता. हे गाणं सुरू झालं की आई सगळ्यांसाठी कुकर लावायची. तीन शिट्ट्या होईपर्यंत गाणं थांबायचं. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "गाणं काय पळून चाललंय व्हय? वरण शिजू द्या, जेवूनच जायचंय."

"पहिल्यापासून घ्यायचं का?" सत्यमने विचारलं.

"नको. रेकॉर्डिंग चालू राहू दे," मृण्मयी म्हणाली.



कुणी कुणाला खूण केली नाही. तीन शिट्ट्या होतील एवढा वेळ गेला आणि तिघांनी दुसरा अंतरा एकदमच उचलला.