लाल दोरी

वॉटर स्कूटरवरून मी पाण्यात पडले, पण इंजिन बंद पडलंच नाही. स्कूटर गर्रकन वळली आणि माझ्याच पायावरून गेली. "बाईंनी मनगटाला लाल दोरी बांधलीच नव्हती. बांधली असती तर पडताक्षणी इंजिन बंद झालं असतं," असं मालक छातीठोकपणे सांगत सुटला. मी बांधली होती.

वकीलबाई म्हणाल्या, "तडजोड करता येईल, भरपाईचा दावा लावता येईल, नाहीतर थेट फौजदारी. तुम्हाला काय हवंय?"

"त्याचं तोंड उतरलेलं बघायचंय," मी म्हटलं.

कोर्टाचा माणूस पाहणीला आला, तेव्हा पोलिसांचं सील काढून तीच स्कूटर पाण्यात उतरवली. मी कुबड्या टेकत काठावर गेले.

"मशीन ठणठणीत आहे, साहेब," मालक म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं!"

"मग कुणीतरी दोरी बांधून भर पाण्यात उडी मारून दाखवा की," मी म्हटलं.

तिकिटाच्या खिडकीमागून मालकाची लेक तणतणत आली. "मी दाखवते. माझ्या बाबांना खोटं पाडता काय?" तिने जॅकेट चढवलं, दोरी बांधली, इंजिन सुरू केलं. तिला अडवावं असं मला एकदाही वाटलं नाही. मी मालकाच्या तोंडाकडे बघत राहिले.



"उतर खाली, बाळा! त्या दोरीने इंजिन बंद होत नाही!"